बुद्धिबळातील पहिल्या चाली : बगदाद ते हेस्टिंग्ज



काही दिवसांपूर्वी एका आंतरशालेय बुद्धिबळ स्पर्धेत पंच म्हणून बसण्याचा योग आला. नववीतील एका मुलाने पहिल्या दहा चाली इतक्या झपाझप केल्या की पाहणारे थक्क झाले. अकराव्या चालीला समोरच्या मुलीने एक साधे प्यादे सरकवले. ते प्यादे याच्या पुस्तकात नव्हते! मुलगा बराच वेळ पटाकडे बघत बसला आणि पुढच्या आठ-दहा चालींत डाव हरला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "सर, तिने चुकीची चाल केली होती." असेलही. परंतु ती चुकीची का, असे विचारल्यावर त्याच्यापाशी उत्तर नव्हते.

त्या मुलाला मी तेव्हा घाईत जे सांगितले, तेच येथे थोडे सविस्तर सांगावयाचे आहे. डावाची सुरुवात पाठ करावयाची की समजून घ्यावयाची, हा प्रश्न आजचा नाही. त्याचे वय हजार वर्षांहून अधिक आहे आणि त्याचा प्रारंभ अब्बासी खलिफांच्या बगदादमध्ये झाला.

हिंदुस्थानातील चतुरंग इराणात चतरंग झाले आणि अरबांच्या तोंडी शतरंज. आपण मराठीत सहज बोलून जातो ते शह, मात, वजीर, प्यादे हे शब्द त्याच वाटेने परत आलेले आहेत. मात्र तो खेळ आजच्यासारखा वेगवान नव्हता. आज ज्याला आपण वजीर म्हणतो त्याचे नाव तेव्हा फिर्झान होते आणि तो बिचारा तिरपा एकच घर चाले. आपल्या उंटाच्या जागी फील म्हणजे हत्ती होता. तो तिरपी दोन घरे उडी मारी, त्यामुळे चौसष्टपैकी अवघ्या आठ घरांवरच त्याला जन्मभर फिरता येई. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. लांब पल्ल्याचे मोहरे एकच, रुख, म्हणजे आपला आजचा हत्ती. (आपल्याकडे फीलचा उंट झाला आणि हत्ती कोपऱ्यात गेला, ही गंमत निराळीच आहे.)

अशा संथ खेळात दोन्ही फौजा एकमेकींना भिडेपर्यंत दहा-पंधरा चाली सहज होत. तोपर्यंत प्रत्येक खेळाडू आपापली फौज मनासारखी लावून घेई. या मांडणीला अरबीत तअबिया म्हणत. मूळ शब्द लष्करी आहे. लढाईपूर्वी सैन्याची रचना करणे, असा त्याचा अर्थ. या मांडण्यांना नावेही होती. एक मुजन्नह, म्हणजे पंख असलेली. एक सय्याल, म्हणजे लोंढ्यासारखी. एक मशायखी, म्हणजे शेखांची. त्या काळच्या हौशी खेळाडूला ही नावे आणि त्यांच्या आकृत्या पाठ असणार, यात शंका नाही. परंतु उस्ताद मंडळी तेथेच थांबली नाहीत.

नवव्या शतकात अल्-अदली नावाचा नामांकित खेळाडू होऊन गेला. त्याने शतरंजवर ग्रंथ लिहिला. पुढे अबू बक्र अस्-सूली आला. हा नुसता खेळाडू नव्हे, तर इतिहासकार व साहित्यिक म्हणूनही दरबारात मान असलेला विद्वान. खलिफा अल्-मुक्तफी (९०२ ते ९०८) याच्या दरबारी अल्-मावर्दी हा मुख्य खेळाडू होता आणि खलिफाचा त्याच्यावर लोभ होता. अस्-सूलीशी सामना ठरला तेव्हा खलिफा उघडपणे मावर्दीला उत्तेजन देत होता. तरीही अस्-सूलीचे श्रेष्ठत्व इतके स्पष्ट दिसले की खलिफाला आपले मत बदलावे लागले. याच अस्-सूलीने अल्-अदलीच्या ग्रंथातील चुका दाखवून दिल्या. दोन पिढ्या प्रमाण मानलेले पुस्तक त्याने तपासून पाहिले, ही गोष्ट मला त्याच्या विजयापेक्षाही मोठी वाटते.

त्याचा शिष्य अल्-लजलाज. या नावाचा अर्थच तोतरा. बोलताना अडखळणाऱ्या या माणसाने तअबियांवर जे लिखाण केले, ते फार मोलाचे आहे. तो केवळ आकृती देऊन मोकळा होत नाही. या मांडणीतून पुढे कसे जावयाचे, प्रतिपक्षाने असे केले तर काय आणि तसे केले तर काय, आणि हे सारे कोणत्या हेतूने, हे तो सांगत जातो.

हेतू कसले? खेळाच्या नियमांतूनच ते निघतात. रुखची किंमत एक दिरहम धरली, तर घोड्याची दोन तृतीयांश आणि फिर्झानची सुमारे एक तृतीयांश, असा त्या काळचा हिशेब होता. म्हणजे बलवान मोहरा रुख. त्याच्यासाठी उभी रांग मोकळी करणे हे पहिल्या चालींचे मोठे काम. फील ज्या घरांवर कधीच जाऊ शकत नाही, त्या घरांचे रक्षण प्याद्यांनी करावयाचे. हे ज्याला कळले, त्याला आकृती विसरली तरी फौज लावता येईल.

पुढे पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनकडे नियम बदलले. वजीर आणि उंट एकदम पटभर धावू लागले; प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे त्याआधीच मिळाली होती. आता चौथ्या-पाचव्या चालीतच मात होऊ लागली आणि साहजिकच चाली पाठ करण्याचे महत्त्व वाढले. १४९७ साली लुसेनाचे आणि १५६१ साली रुय लोपेझ या धर्मगुरूचे पुस्तक छापले गेले. तेव्हापासून पुस्तकांची रांग लागली, ती अजून संपलेली नाही.

हिंदुस्थानात मात्र प्यादे बहुतेक ठिकाणी एकच घर चालत राहिले. त्यामुळे येथील खेळाडूंची सवय वेगळी राहिली. १८५० च्या सुमारास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन हा इंग्रज अमदानीतील बॅरिस्टर महेशचंद्र बंदोपाध्याय यांच्याशी खेळे. महेशबाबू घोड्यासमोरचे प्यादे एक घर सरकवून मागे उंट बसवीत, मधली घरे प्रतिपक्षाला घेऊ देत आणि मग त्या मध्यावर दुरून मारा करीत. युरोपियनांना ही रीत विचित्र वाटली. १९२० नंतर निमझोविच, रेटी वगैरे युरोपातील नव्या विचाराच्या खेळाडूंनी हाच विचार उचलला, आणि अशा बचावांना 'इंडियन' हे नाव आजतागायत आहे.

आता सुलतान खान. पंजाबातील मिठा टिवाणा गावचा हा तरुण देशी पद्धतीने खेळणारा. देशी खेळात किल्लेकोट नव्हता. राजाला एकदा घोड्याची चाल करण्याची मुभा होती. सर उमर हयात खान यांनी त्याला आश्रय दिला आणि युरोपियन नियम शिकविले. १९२८ साली तो अखिल भारतीय विजेता झाला. १९२९ च्या वसंतात त्याला लंडनला नेले, तेव्हा सरावासाठी ठेवलेल्या एका लहानशा स्पर्धेत तो शेवटच्या क्रमांकावर बरोबरीत राहिला. सुरुवातीचे शास्त्र त्याला माहीत नव्हते, हे उघड झाले. मग विंटर आणि येट्स या इंग्रज खेळाडूंनी त्याच्याकडून तयारी करून घेतली. त्याच वर्षी रॅम्सगेटला तो ब्रिटिश विजेता झाला! १९३२ आणि १९३३ सालीही त्याने ते पद मिळविले.

१९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याची गाठ माजी विश्वविजेता कापाब्लांकाशी पडली. पांढरी मोहरी सुलतान खानकडे होती. पाचव्या चालीला त्याने वजिराच्या बाजूच्या हत्तीसमोरचे प्यादे एक घर पुढे केले. वरवर पाहता ही फुकट घालविलेली चाल. कोणताही मोहरा त्यामुळे बाहेर आला नाही. परंतु काळ्याचा उंट पुढे येऊन पांढरा घोडा राजासमोर जखडून ठेवणार होता, तो आता येऊ शकेना; घोडा मोकळा राहिला आणि मधल्या घरांवरचा त्याचा ताबाही टिकला. डाव ६५ चाली चालला. मध्ये कापाब्लांकाचा वजीर कोंडला गेला आणि दोन हत्तींच्या बदल्यात तो द्यावा लागला. अखेर सुलतान खान जिंकला. या मांडणीला आज जे नाव आहे ते पेट्रोशियन या पुढच्या काळातील विश्वविजेत्याचे. १९८० नंतर कास्पारोव्हनेही ती हिरिरीने खेळली.

सुलतान खानला पुस्तकांची गरज नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. विंटर-येट्सच्या हाताखाली त्याने तयारी केलीच होती. फरक एवढाच की तो शिकला तेव्हा त्याच्या जवळ विचार आधीपासून होता, आणि नव्या चाली त्या विचारात बसत गेल्या. आपल्या मुलांच्या बाबतीत हा क्रम पुष्कळदा उलटा होतो, आणि त्यात त्यांचा दोष नाही, "पाठ झाले का?" असे आपणच विचारतो.

सर उमर यांच्याच घरातील फातिमा नावाची मुलगी १९३३ साली हेस्टिंग्जला ब्रिटिश महिला विजेती झाली, तेही तीन गुणांच्या आघाडीने. तिच्याविषयी फार थोडे लिहिले गेले, याची खंत वाटते. आपल्या शाळांतील मुलींना हे नाव ठाऊक असावयास हवे.

१९३३ च्या अखेरीस सर उमर मायदेशी परतले आणि सुलतान खानही परत आला. त्यानंतर तो युरोपात खेळला नाही. १९६६ साली सरगोधा येथे त्याचे निधन झाले. ग्रँडमास्टर ही पदवी त्याला मिळाली ती २०२४ साली, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी. कापाब्लांकाबरोबरचा तो डाव मी त्या नववीतल्या मुलाला कागदावर उतरवून दिला आहे, पाचव्या चालीपाशी रेघ मारून.