दातांच्या सीटी स्कॅनमधली काळी रेघ: खरी चीर की आर्टिफॅक्ट?

वरळी कोळीवाड्याच्या किनाऱ्यावरून रात्री सी लिंकचा फोटो काढा. नाइट मोडमध्ये पूल छान येतो, पण पाण्यावर डोलणारी होडी पुसट किंवा दुहेरी दिसते. होडी तर एकच असते! स्कॅनमध्येही असं नसलेलं काहीतरी दिसतं. त्याला म्हणतात आर्टिफॅक्ट.

स्कॅन कसा होतो?

दात आणि जबड्यासाठी बहुतेक वेळा कोन बीम सीटी, म्हणजे सीबीसीटी करतात. मशीन डोक्याभोवती फिरून शेकडो एक्स-रे घेतं. त्यावरून कॉम्प्युटर गणित करून थ्रीडी चित्र तयार करतो. म्हणजे हे चित्र थेट फोटो नसून हिशोब आहे. हिशोबात चुकीची माहिती गेली, की चित्रही चुकतं.

नेहमी दिसणारे तीन प्रकार

- धातूच्या रेघा: एक्स-रे कमीजास्त ऊर्जेच्या किरणांचा बनलेला असतो. धातू कमी ऊर्जेचे किरण अडवतो, जोरदार तेवढे पार जातात. कॉम्प्युटरचा अंदाज चुकतो आणि धातूशेजारी काळे पट्टे, पांढऱ्या रेघा उमटतात. सोन्याची कॅप आणि चांदीचं फिलिंग जास्त त्रास देतात, टायटॅनियमचं इम्प्लांट त्या मानाने कमी. दातासारखी पांढरी दिसणारी झिर्कोनियाची कॅपसुद्धा भरपूर रेघा पाडते.
- हालचाल: स्कॅनला साधारण १० ते ४० सेकंद लागतात. तेवढ्यात आवंढा गिळला किंवा मान हलली, तरी हाडाच्या कडा दुहेरी दिसतात.
- गोल कडी: डिटेक्टरचा एखादा भाग बिघडला किंवा मशीनचं कॅलिब्रेशन चुकलं, की चित्रात वर्तुळं येतात. यात पेशंटचा काही दोष नसतो.

यात धोका काय?

रूट कॅनल केलेल्या दातात भरलेलं मटेरियल आणि धातूची पोस्ट यांच्या शेजारी काळी रेघ येऊ शकते. ती अगदी मुळाला गेलेल्या चिरेसारखी दिसते. खरी उभी चीर असेल तर बहुतेक वेळा दात काढावा लागतो. म्हणजे खोट्या रेघेपायी चांगला दात जाऊ शकतो. उलटंही होतं: पांढऱ्या झगमगाटामागे खरी कीड लपते.

काही मशीनमध्ये धातूच्या रेघा कमी करणारं सॉफ्टवेअर असतं. चित्र स्वच्छ दिसतं, पण हरवलेली माहिती त्याने पूर्ण परत येत नाही.

तुम्ही काय करू शकता?

- स्कॅनआधी नथ, कानातले, चेन, हेअरपिन, चष्मा आणि काढता येणारी कवळी काढा. आजीच्या कानात वर्षानुवर्षं बसलेले दागिने असतील तर ते घरीच, निवांतपणे काढून ठेवा.
- कॅप, इम्प्लांट, रूट कॅनल कुठे आहे ते आधीच सांगा.
- मशीन फिरत असताना बोलू नका, गिळू नका.
- व्हॉट्सॲपवर आलेल्या एका फोटोवर विसंबू नका. तो शेकडो कापांपैकी एकच असतो. पूर्ण डायकॉम फाइल मागून घ्या. दुसरं मत घ्यायला मुंबई सेंट्रलच्या नायर डेंटलला किंवा सीएसएमटीजवळच्या सरकारी दंत महाविद्यालयात जाणार असाल, तर तीच सोबत न्या.
- दात काढायचा सल्ला मिळाला तर सरळ विचारा: "ही रेघ धातूमुळे आलेली असू शकते का?" डॉक्टर हिरडी तपासून, दाताभोवतीची खोली मोजून आणि साधा एक्स-रे पाहून स्कॅनची खातरजमा करू शकतात. दात एकदा काढला की परत बसत नाही. त्याआधी एक प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही.