हवेतील परागकण व कवकबीजुके : मापन व पूर्वानुमान
हवेत तरंगणारे वनस्पतींचे परागकण व कवकांची बीजुके (प्रजोत्पादक सूक्ष्म कण) यांची नियमित गणना करणे आणि त्यांचे प्रमाण केव्हा वाढेल याचा आगाऊ अंदाज करणे, ही वायुजीवविज्ञानाची एक उपयुक्त शाखा होय. दमा, पराग ज्वर इ. अधिहर्षताजन्य (अ‍ॅलर्जीजन्य) विकार आणि पिकांवरील तांबेरा, करपा यांसारखे रोग हवेतून आलेल्या अशा कणांमुळे उद्‌भवतात.

उन्हाळ्यात डोळे व नाक यांना होणाऱ्या त्रासाचे वर्णन जॉन बॉस्टॉक यांनी १८१९ मध्ये लंडन येथे स्वतःच्या अनुभवावरून केले. परंतु त्याचे कारण अज्ञात होते. मँचेस्टर येथील वैद्य चार्ल्स हॅरिसन ब्लॅकली यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गवताचे परागकण हेच कारण असल्याचे दाखविले. ते स्वतः या विकाराने पीडित होते. चिकट द्रव लावलेल्या काचपट्ट्यांवर पडलेले परागकण त्यांनी मोजले व उंचावरील हवा तपासण्यासाठी पतंगांचा उपयोग केला. त्याच वर्षी डी. डी. कनिंगहॅम यांचा कलकत्त्याच्या हवेतील सूक्ष्म कणांविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. पटकी व ज्वर यांच्याशी या कणांचा संबंध त्यांना आढळला नाही. तथापि भारतातील अशा अभ्यासाचा पाया त्यामुळे घातला गेला.

उघड्या काचपट्टीत एक मोठा दोष होता. मोठे कण लवकर खाली बसतात, तर लहान बीजुके वाऱ्याबरोबर निघून जातात. शिवाय किती हवेतून कण मिळाले हे कळत नाही. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे बटाट्यावरील करपा इ. रोगांचा अभ्यास करणारे जे. एम्. हर्स्ट यांनी १९५२ मध्ये स्वयंचलित सापळा तयार करून हा दोष दूर केला. त्यात दर मिनिटाला १० लि. हवा एका अरुंद फटीतून ओढली जाते व दर तासाला २ मिमी. सरकणाऱ्या चिकट पृष्ठावर आदळते. दिवसभरात १४·४ घ. मी. हवा तपासली जात असल्याने दर घ. मी. मधील संख्या व तिची वेळही समजते. काही कवकांची बीजुके कोरड्या दुपारी, तर काहींची रात्री वा पावसानंतर हवेत वाढतात, हे यामुळे स्पष्ट झाले.

भारतात के. सी. मेहता यांनी आग्रा येथील संशोधनातून, मैदानी प्रदेशातील कडक उन्हाळ्यात गव्हाचा तांबेरा टिकत नसून तो डोंगराळ भागातून दरवर्षी नव्याने येतो, असे दाखविले. एस्. नागराजन व एच्. सिंग यांनी १९७५ मध्ये निलगिरीकडून मध्य भारतात येणाऱ्या काळ्या तांबेऱ्याच्या पूर्वानुमानाचे, चक्री वादळे व पाऊस यांवर आधारलेले नियम मांडले. मराठवाडा विद्यापीठात एस्. टी. टिळक व कुलकर्णी यांनी १९७० मध्ये हवेचे नमुने घेणारे उपकरण तयार केले. भारतीय वायुजीववैज्ञानिक संस्था १९८० मध्ये स्थापन झाली.

पूर्वानुमानासाठी मागील अनेक वर्षांच्या नोंदी, फुलोऱ्यापूर्वीचे तापमान व पाऊस, वनस्पतींचे नकाशे आणि वाऱ्याची दिशा यांचा मेळ घातला जातो. केवळ संख्येवरून मात्र धोका नेहमीच कळत नाही. मेलबर्न येथे २१ नोव्हेंबर २०१६ रोजी गवताचे परागकण विपुल असताना गडगडाटी वादळ आले. ओलाव्याने फुटलेल्या परागकणांतील अतिसूक्ष्म कण श्वासनलिकांत खोलवर शिरले असावेत, असे मानतात. श्वसनविकाराचे तीन हजारांहून अधिक जादा रुग्ण रुग्णालयांत आले व दहा जण मृत्यू पावले. पूर्वी दमा नसलेल्या व केवळ पराग ज्वर असलेल्या व्यक्तींनाही त्याची बाधा झाली. त्यानंतर व्हिक्टोरिया राज्याने २०१७ पासून अशा वादळी दम्याचे स्वतंत्र पूर्वानुमान सुरू केले.

सूक्ष्मदर्शकाखाली कण ओळखणे हे कष्टाचे व कौशल्याचे काम असल्याने गणना बहुधा एक वा अधिक दिवस उशिरा हाती येते. ही उणीव भरून काढण्यासाठी जर्मनीतील बव्हेरिया राज्याने २०१९ मध्ये स्वयंचलित केंद्रांचे जाळे सुरू केले. तथापि यंत्राला कण ओळखण्यास शिकविण्यासाठी तज्ञाने ओळखलेले नमुनेच लागतात आणि प्रत्येक प्रदेशाची वनस्पतिसृष्टी वेगळी असल्याने स्थानिक नोंदींचे महत्त्व कायम राहते.