शून्य नंबरची खोली

नाशिकला पाहुणा आला की आम्ही त्याला काळाराम दाखवतो, गोदाघाट दाखवतो, चिवड्याचा पुडा हातात देतो आणि गाडीत बसवून मोकळे होतो. इथली एक प्रसिद्ध संख्या मात्र कुणी बांधून देत नाही. ती म्हणजे ६१७४.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे देवळालीचे शाळामास्तर. १९३० ते १९६२ त्यांनी तिथे मुलांना शिकवले आणि उरलेल्या वेळात स्वतः आकड्यांशी खेळले. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी एक गंमत मांडली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. उत्तराचे पुन्हा तेच. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येते, आणि एकदा आली की घरजावयासारखी ठाण मांडून बसते, हलत नाही.

गेल्या दिवाळीत आमच्या भाच्याने ही वजाबाकी कॉम्प्युटरला करायला लावली. तो इंजिनीअर होण्याच्या बेतात आहे, त्यामुळे मोठ्या माणसांच्या चुका काढण्याचा सराव चालू असतो. “मामा, तुमचे कापरेकर फेल! २१११ दिली तर उत्तर शून्य येतंय.”

आता आली का पंचाईत! गावचा माणूस, आणि यंत्र त्याला खोटे पाडते म्हणजे काय? मी कागद ओढला. २१११ वजा १११२ बरोबर ९९९. यंत्राने मग ९९९ मधून ९९९ वजा करून हात झटकले होते.

“अरे, हे ९९९ नव्हे, ०९९९! चार खोल्या म्हणजे चार खोल्या. एक रिकामी आहे म्हणून भिंत पाडतोस की काय?” मग ९९९० वजा ०९९९ बरोबर ८९९१, पुढे ८०८२, ८५३२, आणि पाचव्या वजाबाकीला ६१७४ हजर!

भाच्याने मुकाट्याने चार खणांचा ‘ॲरे’ बनवला. ॲरे म्हणजे आपली चाळच हो. एका ओळीत सारख्या मापाच्या खोल्या, प्रत्येकीवर नंबर. “फक्त मामा, पहिल्या खोलीचा नंबर शून्य.”

या शून्यावरून कॉम्प्युटरवाल्यांत जेवढे वाद झाले तेवढे आमच्या सोसायटीत पाण्यावरूनही होत नाहीत. १९५७ ची फोरट्रान भाषा सरळमार्गी, एकापासून मोजणारी. १९७० च्या पास्कलचा मालक उदार. म्हणे, कुठूनही मोजा. १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांची ‘सी’ आली आणि शून्याचे राज्य पक्के झाले. तिच्या लेखी खोलीचा नंबर म्हणजे जिन्यापासून ओलांडायच्या खोल्या. पहिलीसाठी एकही ओलांडायची नाही, म्हणून शून्य. १९८२ साली डाइक्स्ट्रा नावाच्या डच पंडिताने शून्याच्या बाजूने स्वहस्ते टिपणच लिहिले. मॅटलॅब आणि आर या भाषा तरीही एकापासूनच मोजतात. पायथॉन शून्यापासून मोजते आणि वर ‘उणे एक’ म्हटले की शेवटची खोली उघडते!

भानगड होते ती शेवटच्या दाराशी. दहा खोल्यांत शेवटचा नंबर नऊ. सवयीने दहावर टकटक केलीत की दार शेजारच्या बिऱ्हाडाचे. जावाचा भैया तिथेच शिट्टी फुंकून काम थांबवतो. जावास्क्रिप्ट ‘असं कुणी इथं राहत नाही’ एवढेच पुटपुटते. सीच्या चाळीला भैयाच नाही. तुम्ही खुशाल शेजाऱ्याच्या घरात सामान लावून येता.

हसण्यावारी नेऊ नका. नोव्हेंबर १९८८ मध्ये अमेरिकेत एका विद्यार्थ्याने सोडलेल्या प्रोग्रॅमने हजारो यंत्रे जेरीस आणली. त्याची एक वाट अशीच होती: ५१२ खणांच्या जागेत त्याहून जास्त मजकूर कोंबायचा. उरलेला मजकूर शेजारी सांडला आणि तिथला मालक होऊन बसला. मोजायला कुणी उभेच नव्हते.

कापरेकरांच्या वजाबाकीत सगळी करामत त्या रिकाम्या खोलीच्या मानाची आहे. त्यांच्या स्वतःच्या वाट्याला तो मान उशिरा आला. इथल्या बऱ्याच गणितज्ञांनी त्यांचे काम पोरखेळ म्हणून सोडून दिले होते. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा मास्तरांचे वय सत्तर होते. तोवर देवळालीची ती खोली सगळ्यांना रिकामीच वाटत होती. काय करणार! सगळे एकापासून मोजत होते, आणि मास्तर राहत होते शून्य नंबरला.