संमतीची कायदेशीर व्याख्या : देसाईगंज खटला ते २०१३
भारतीय कायद्यातील ‘संमती’ या संकल्पनेचा इतिहास देसाईगंज खटल्याशिवाय अपूर्ण राहतो. १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, म्हणून प्रतिकारही नव्हता, असा तो युक्तिवाद होता. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर यांनी १९७९ च्या खुल्या पत्रात शरण जाणे आणि संमती देणे यांतील भेद स्पष्ट केला. १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्काराबाबत स्त्रीचा नकार गृहीत धरला जाऊ लागला. तथापि, केवळ प्रतिकाराचा अभाव म्हणजे संमती नव्हे, हे कायद्यात नमूद होण्यास २०१३ साल उजाडावे लागले. एका मुलीच्या भयाला होकार न समजण्यासाठी कायद्याला ४१ वर्षे लागली.