स्वस्त निसण्याची बाजू

जपानी सुऱ्यांचा विषय निघाला की क्योटोच्या वायव्येकडच्या डोंगरांतल्या दगडांचं नाव आदराने घेतलं जातं, आणि ते रास्त आहे. नारुताकी परिसरातल्या खाणींचा हा दगड म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचून घट्ट झालेला अतिबारीक गाळ. तलवारीला अखेरची झळाळी द्यायला जपानी कारागिरांनी शतकानुशतकं त्याच्यावरच भिस्त ठेवली. मात्र या आदरापोटी कारखान्यात बनलेल्या स्वस्त निसण्याला परंपरेची घसरण मानलं जातं, ते मला पटत नाही. जपानी परंपरा खाणीत नव्हती, धार लावण्याच्या रीतीत होती. आणि ती रीत स्वस्त दगडानेच घरोघरी पोचवली.

ही रीत तीन पायऱ्यांची. आधी खरखरीत ‘आरातो’, मग मध्यम ‘नाकातो’, शेवटी मुलायम ‘आवासेदो’. आणि तिन्हींवर तेल नव्हे, पाणी. मधल्या पायरीला क्यूशूकडचा आमाकुसाचा दगडही चाले. अखेरच्या पायरीचा निर्दोष दगड मात्र दुर्मीळ. थरात एखादी कठीण शीर निघाली तर पात्यावर ओरखडा उमटतो, आणि एकाच खाणीतले दोन दगड सारखे वागत नाहीत. चांगल्या दगडाच्या किमतीत अशा बाद झालेल्या मालाचा खर्चही असतोच. १८७६ साली जपानमध्ये तलवार लावून फिरायला बंदी आली, तरी धार लावायला सुतारांचे रंधे आणि स्वयंपाक्यांच्या सुऱ्या होत्याच. १८९०च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन यांनी विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड तयार केलं. वितळवलेलं ॲल्युमिनियम ऑक्साइडही त्याच सुमारास आलं. आता या कठीण पदार्थांचे कण चाळून एका मापाचे करता येऊ लागले. जपानी कारखानदारांनी हे परके कण आपल्या सवयीप्रमाणे मऊ बांधणीत बसवले : पाण्याबरोबर घासताना बोथट कण झडावेत आणि खालचे ताजे वर यावेत. मात्सुनागा कंपनीचा ‘किंग’ याच पठडीतला.

नैसर्गिक दगड पात्यातल्या मऊ लोखंडावर जी धूसर छटा आणतो ती कृत्रिम दगडाला तशी साधत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण कांदा चिरायला त्या छटेची गरज नसते. स्वस्त दगड लवकर झिजतो, मधोमध खोलगट होतो, हेही खरं. ते त्या मऊ बांधणीचंच मोल आहे, आणि काचेवर पॉलिश पेपर ठेवून दगड अधूनमधून सपाट केला की भागतं. शॅप्टनसारख्या कंपनीचे महागडे दगड भिजत घालावे लागत नाहीत, झिजतातही कमी; रोज धार लावणाऱ्या आचाऱ्याला तो खर्च परवडतो. घरासाठी १००० क्रमांकाचा एक साधा, मध्यम दगड घ्यावा, हात बसल्यावर हवा तर ६०००चा मुलायम. पातं फारच बोथट किंवा खांडं पडलेलं नसेल, तर खरखरीत दगडाचीही घाई नको.