देशाचा पहिला बोलपट आज मुका आहे

मंडळी, सिनेमाचा इतिहास म्हटला की आपण दादासाहेब फाळक्यांपासून सुरुवात करतो, ते बरोबरच आहे. पण सिनेमा बोलायला कसा लागला, हे फारसं कुणी सांगत नाही. आज त्याबद्दल.

चित्राला आवाज जोडायची खटपट जुनी. एडिसनने १९१३ मध्ये पडद्यावर चित्र आणि शेजारी फोनोग्राफ असा खेळ दाखवला, पण दोघांचा मेळ टिकेना. अमेरिकेत १९२७ ला गाजलेल्या 'द जाझ सिंगर'चा आवाजही तबकडीवरच होता. सुई सरकली की ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे! यावर खरा उपाय म्हणजे आवाज फिल्मच्याच कडेला छापायचा. एकाच पट्टीवर दोन्ही, मग चुकामूक होणार कशी?

मुंबईत इंपीरियल फिल्म कंपनीच्या अर्देशीर इराणींनी हीच पद्धत वापरून 'आलम आरा' काढला. त्यांच्या तानार यंत्रात चित्र आणि आवाज एकाच वेळी, एकाच निगेटिव्हवर उतरायचे. म्हणजे कुणी खोकलं तरी सगळं पुन्हा. त्यात स्टुडिओशेजारून रेल्वे जायची. मग शूटिंग कधी? रात्री एक ते चार, गाड्या बंद असताना. माइक नटांच्या आसपास लपवलेले, पेटी-तबलावाले कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर आणि नट स्वतः गातोय. प्लेबॅक तेव्हा नव्हताच.

नायक होते आपले मास्टर विठ्ठल, मूकपटांचे मोठे स्टार. पण हिंदुस्थानी संवाद जिभेवर बसेनात, म्हणून त्यांना जवळजवळ बोलूच दिलं नाही. आवाज आला आणि कालची लायकी एका रात्रीत बदलली. थिएटरात पडद्याजवळ बसून वाजवणाऱ्यांचंही काम गेलं. खुद्द फाळक्यांनी एकच बोलपट केला, 'गंगावतरण', १९३७ मध्ये, कोल्हापुरात.

'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. तुफान गर्दी, तिकिटांचा काळाबाजार. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या प्रभातने शांतारामबापूंच्या दिग्दर्शनात 'अयोध्येचा राजा' आणला, मराठीत आणि हिंदीतही. गोविंदराव टेंबे, दुर्गा खोटे ही मंडळी त्यात.

आता मुद्द्याचं. 'अयोध्येचा राजा' आज पाहता येतो, 'आलम आरा' नाही. त्याची एकही प्रत हाती नाही. राहिले ते फोटो, जाहिराती आणि आठवणी. तेव्हाची नायट्रेट फिल्म पेट घ्यायची, आपोआप सडायची. त्यातली चांदी काढायला रिळं भंगारातही जायची. आणि पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं १९६४ मध्ये, म्हणजे तब्बल ३३ वर्षांनी!

मला वाटतं, दोष एकट्या सरकारचा नाही. टॉकीज पाडताना केबिनमध्ये काय पडलंय, हे आपण बघतो का? जुनी रिळं, गाण्यांच्या चोपड्या, पोस्टर, सगळं रद्दीच्या भावात जातं.

तेव्हा विनंती एवढीच. आपल्या भागात कुणाच्या माळ्यावर, बंद टॉकीजमध्ये असं काही असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. रिळांच्या डब्याजवळ विडी-काडी नको, आणि पुण्याच्या संग्रहालयाला आधी कळवा. जुने ऑपरेटर, डोअरकीपर ओळखीचे असतील तर त्यांनाही विचारून बघा. ती माणसंही आता थोडीच उरलीत.