कलाशाखेचे दार : काल आणि आज

दरवर्षी ह्या स्मरणिकेत आपल्या आगरी ज्ञातीतील दहावी-बारावी उत्तीर्ण मुलामुलींची नामावली प्रसिद्ध होते. ती वाचून आम्हांस समाधान वाटते हे सांगणे नलगे. परंतु सत्काराच्या वेळी ‘पुढे काय?’ असे विचारले असता अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वाणिज्य ही नावे उंच स्वराने सांगितली जातात. आणि कोणा मुलाने वा मुलीने कलाशाखेस अर्ज केला असेल तर त्याचे वडील ते खालच्या स्वरात, जणू काही क्षमा मागत सांगतात. ही गोष्ट आमच्या मनास बरीच वर्षे लागून राहिली आहे. ज्या दाराशी आपण आज असे संकोचून उभे राहतो, ते दार कसे निर्माण झाले व आपल्यासारख्यांस ते कोणत्या श्रमाने उघडले, याचा थोडासा इतिहास ज्ञातिबांधवांपुढे ठेवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम ‘कला’ ह्या शब्दाविषयी. पुष्कळांस वाटते की ही नाचगाण्याची किंवा चित्रे काढण्याची शाखा. तसे नाही. युरोपातील जुन्या विद्यापीठांत व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत व ज्योतिष ह्या सात विद्या प्रत्येक विद्यार्थ्याने प्रथम शिकाव्या आणि मगच धर्मशास्त्र, कायदा किंवा वैद्यक ह्यांकडे वळावे, असा क्रम होता. ह्या सात विद्यांस तिकडे जे नाव होते, त्यावरून आपल्याकडील ‘आर्टस्’ हा शब्द आला. आज त्यात भाषा, इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, भूगोल, मानसशास्त्र इत्यादी विषय येतात. मनुष्याने लिहावे, वाचावे, विचार करावा आणि आपले म्हणणे चारचौघांपुढे मांडावे, ह्यासाठी लागणारी ती विद्या होय.

आपल्या प्रांतात ह्या विद्येचे दार 1857 साली, मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेने उघडले. लंडनच्या विद्यापीठाचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून ते उभारले गेले. म्हणजे शिकवावयाचे महाविद्यालयांनी आणि परीक्षा घ्यावयाची विद्यापीठाने. आत येण्यासाठी विद्यापीठ स्वतःच जी परीक्षा घेई तिचे नाव मॅट्रिक्युलेशन. ‘मॅट्रिक झाला’ असे आपण म्हणतो त्याचा मूळ अर्थ शाळा संपली असा नसून विद्यापीठाच्या पटावर नाव चढण्यास पात्र झाला, असा आहे. ही परीक्षा प्रथम 1859 साली झाली, तेव्हा साऱ्या मुंबई इलाख्यातून विसाहून थोडे अधिक विद्यार्थी उत्तीर्ण झाले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते. पुढे 1862 साली बी. ए. च्या पहिल्या तुकडीत चारच जण होते : रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. न्याय, संशोधन आणि समाजसुधारणा ह्या क्षेत्रांत ह्या पिढीने जे कार्य केले, ते महाराष्ट्रास ठाऊक आहे. आणि हे चौघेही कलाशाखेचेच पदवीधर होते, हे विसरता कामा नये.

परंतु ह्या दाराशी पोहोचावयाचे कोणी? महाविद्यालये मुंबई-पुण्यास. शिक्षण इंग्रजीतून. फी, पुस्तके आणि राहण्याची सोय ही ज्याच्या घरी, त्यानेच अर्ज करावा अशी स्थिती. त्या काळी आपले पूर्वज वसईच्या खाडीकाठी खाजणांचे बांध घालीत होते, मिठागरांत मीठ ओढीत होते आणि पावसाळ्यात भाताची शेती करीत होते. आगर राखणारा तो आगरी, हे आपल्या नावाचे मूळ सर्वश्रुत आहे. त्या मनुष्यास एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे दार ठाऊक असण्याचे कारणच नव्हते.

ही अडचण महात्मा जोतीराव फुले ह्यांनी फार पूर्वी ओळखली होती. 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला, हे बहुतेकांस माहीत असते. परंतु त्याच निवेदनात उच्च शिक्षणासंबंधी एक मागणी आहे, तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. खासगी रीतीने अभ्यास करणाऱ्यांस विद्यापीठाने प्रवेशपरीक्षेस बसू दिले याबद्दल त्यांनी समाधान दर्शविले आणि हीच सवलत बी. ए., एम. ए. ह्या पदव्यांपर्यंत वाढवावी अशी अपेक्षा व्यक्त केली. लंडन विद्यापीठाने 1858 पासून बाहेरून अभ्यास करणाऱ्यांस आपल्या परीक्षा खुल्या केल्या होत्या. मुंबईने नमुना तर लंडनचा घेतला, पण ही उदारता घेतली नाही. ज्याला दिवसा पोटासाठी राबावयाचे आहे त्याने रात्री दिव्याखाली वाचून पदवी मिळवावी, ही फुल्यांची कल्पना आपल्या भागात प्रत्यक्षात येण्यास जवळजवळ नव्वद वर्षे लागली. मुंबई विद्यापीठाने पत्राद्वारे शिक्षण 1971 साली सुरू केले, आणि 1989 साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. तेथे बारावी न झालेल्या प्रौढासही पूर्वतयारीचा शिक्षणक्रम पुरा करून बी. ए. चे दार ठोठावता येऊ लागले.

मधल्या काळात दार थोडेथोडे उघडत गेले, ते आपोआप नव्हे. 1883 साली मुंबई विद्यापीठाने आपल्या पदव्या स्त्रियांस खुल्या केल्या. 1916 साली महर्षी कर्वे ह्यांनी महिला विद्यापीठ काढून मातृभाषेतून उच्च शिक्षणाचा पाया घातला. मुंबई विद्यापीठात एम. ए. ला मराठीस स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे अखेरपर्यंत झटले, आणि 1901 साली, त्यांच्या निधनाच्या वर्षी, त्यास यश आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयातून 1912 साली बी. ए. केले, ते महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांनी दिलेल्या दरमहा पंचवीस रुपयांच्या शिष्यवृत्तीवर. त्या पंचवीस रुपयांचे स्मरण त्यांनी ठेवले असे आम्हांस वाटते. कारण 1946 साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांस शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. पुढच्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू करून ‘कमवा आणि शिका’ ही रीत महाविद्यालयात आणली. 1959 साली राज्य सरकारने कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलांस फी माफ केली. आणि 1969 साली विद्या प्रसारक मंडळाने ठाण्यास कला व वाणिज्य महाविद्यालय काढले, तेव्हा घोडबंदर रस्त्यावरच्या गावांस उच्च शिक्षण एका दिवसाच्या जाण्यायेण्यात आले.

एवढे झाले तरी आमच्या पिढीतील किती जण त्या दाराशी गेले? आमचेच उदाहरण सांगतो, क्षमा असावी. शालान्त परीक्षेत आम्हांस इतिहासात चांगले गुण होते आणि महाविद्यालयात जाण्याची इच्छा होती. घरी वडील म्हणाले, “इतिहास शिकून इतिहासच होशील, दोन वर्षांत मास्तर हो, घरात पगार येईल.” त्यांचे चुकले असे आम्ही म्हणत नाही. घरात खाणारी तोंडे आठ होती. आम्ही अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले, शिक्षक झालो आणि मॅट्रिकच राहिलो. परंतु अर्जच न करणे आणि अर्ज नाकारला जाणे ह्यांत अंतर आहे, हे आम्हांस पुढे फार उशिरा कळले.

आज अर्ज संगणकावर करावयाचा असतो. बारावीचा निकाल लागला की विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पूर्वनोंदणी करावी, मग महाविद्यालयाचा अर्ज भरावा, गुणवत्तायादीची वाट पाहावी आणि नाव आले की ठरलेल्या दिवसांत फी भरावी. एक दिवस उशीर झाला तर जागा जाते. आपली ज्ञाती इतर मागासवर्गात असल्याने राखीव जागेचा लाभ मिळतो. त्यासाठी जातीचे प्रमाणपत्र आणि उन्नत गटात नसल्याचा दाखला लागतो. ह्या दुसऱ्या दाखल्याची उत्पन्नमर्यादा 2017 पासून आठ लक्ष रुपये आहे.

ह्या ठिकाणी इतिहास पुन्हा आपल्या दारात येतो. जातीच्या प्रमाणपत्रासाठी इतर मागासवर्गीयांस 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. हा पुरावा बहुधा शाळेच्या जनरल रजिस्टरात सापडतो. आम्ही शाळेत असताना आपल्याच नात्यातील एक मुलगा असा पुरावा शोधीत आला. आजोबांचे नाव कोणत्याही पटावर नव्हते. कारण ते शाळेतच गेले नव्हते, लहानपणापासून मिठागरावर होते. दोन दिवस जुनी पाने चाळल्यावर त्यांच्या चुलत भावाची नोंद सापडली. इयत्ता दुसरीत नाव कमी झाले होते. पण जातीच्या रकान्यात कोणा मास्तरांनी सुवाच्य अक्षरांत ‘हिंदू आगरी’ असे लिहून ठेवले होते. दोन यत्ता शिकलेल्या त्या चुलत आजोबांनी साठ वर्षांनंतर नातवास महाविद्यालयात पोहोचविले. जो शिकला नाही त्याचा कागद नाही, आणि ज्याचा कागद नाही त्याच्या नातवाने दाराबाहेर थांबावे, हा केवढा विपरीत न्याय! त्या मुलाने कलाशाखेत राज्यशास्त्र घेतले आणि पुढे वकिलीचे शिक्षण पुरे केले.

आता मूळ प्रश्न. कलाशाखेने आपल्या ज्ञातीस काय मिळणार? ह्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. 1933 साली अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप पुकारला आणि तो सहा वर्षे चालविला. त्याच नारायण नागूंनी 1937 साली ‘कृषीवल’ हे पत्र सुरू केले. कारण शेतात नांगर थांबवून भागत नाही, लेखणीही चालवावी लागते, हे त्यांनी जाणले होते. नव्या मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हा 1984 साली जासईच्या आंदोलनात शेतकरी गोळीबारात हुतात्मे झाले, आणि दि. बा. पाटील ह्यांच्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. दि. बा. हे वकील होते. कायदा वाचता येणे आणि आपली बाजू शब्दांत मांडता येणे, ह्या विद्येचे मोल किती, ते त्या भूखंडधारकांस विचारावे.

आणि आपल्या वरसाव्याकडे पाहा. महामार्ग झाला, खाडीवर पूल झाला, 2023 साली त्याच्या शेजारी नवा पूल वाहतुकीस खुला झाला. 1985 साली मिरा-भाईंदर नगरपालिका झाली, 2002 साली महानगरपालिका झाली. जमिनी विकल्या गेल्या, पैसा आला, काहींचा टिकला, काहींचा गेला. खाजणांची नावे, बांधांची नावे, मिठागरांत मीठ कसे पिकत असे ती रीत, लग्नात धवलारीण म्हणत असे ती धवळ्याची गाणी, हे सर्व आज साठी-सत्तरी ओलांडलेल्यांच्या मुखात आहे. ते गेले की संपले. 1737 साली मराठ्यांनी जिंकलेल्या घोडबंदरच्या किल्ल्याविषयी पुस्तकांत वाचावयास मिळते. किल्ल्याखाली राबणाऱ्या आपल्या माणसांविषयी कोण लिहिणार? अभियंता लिहिणार नाही, हिशेबनीस लिहिणार नाही. इतिहास, भाषा आणि समाजशास्त्र शिकलेला आपलाच मुलगा, आपलीच मुलगी लिहील.

अभियांत्रिकी किंवा वाणिज्य घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. ज्यास जे झेपेल व रुचेल ते त्याने घ्यावे. परंतु ज्या मुलाचे मन इतिहासात किंवा भाषेत आहे, त्यास अर्ज भरण्यापूर्वीच परत फिरवू नये, एवढीच आमची नम्र विनंती आहे. यास्तव मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. एक, प्रत्येक कुटुंबाने 1967 पूर्वीचे शाळेचे, जन्ममृत्यूच्या नोंदीचे व जमिनीचे कागद आताच मिळवून एका ठिकाणी ठेवावे. बारावीच्या निकालानंतर धावाधाव करू नये. दोन, मंडळाने मे व जून महिन्यांत अर्ज भरण्यास मदत करणारे दोन जाणकार तरुण नेमावे. तीन, दरवर्षी कलाशाखेत प्रवेश घेणाऱ्या एका विद्यार्थ्यास, शक्य तर विद्यार्थिनीस, पुस्तकांसाठी साहाय्य द्यावे आणि त्या बदल्यात आपल्या गावातील एका वृद्धाच्या आठवणी तिच्याकडून लिहवून घेऊन ह्याच स्मरणिकेत छापाव्या.

ह्या कार्यासाठी आमच्या निवृत्तिवेतनातून यथाशक्ती वर्गणी आम्ही मंडळाच्या चिटणिसांकडे दिली आहे. पुढील वर्षीच्या समारंभात एखाद्या बापाने ‘माझी मुलगी बी. ए. ला गेली’ असे सर्वांस ऐकू जाईल अशा स्वरात सांगावे, एवढी इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.